वाडी कुठल्या प्रभागात गेली? ग्रामपंचायतीची प्रभाग रचना वाचायची आणि हरकत घ्यायची रीत

प्रारूप, म्हणजे कच्च्या, प्रभाग रचनेची सूचना ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते तेव्हा तिच्या एका बाजूला घरपट्टीची नोटीस असते आणि दुसऱ्या बाजूला लसीकरण शिबिराची. हरकतीची मुदत जेमतेम आठवड्याची. गावाला जाग येते ती अर्ज भरायच्या वेळी. तोवर कुठल्या वाडीचं वजन वाढलं आणि कुठलीचं गेलं, हे ठरून गेलेलं असतं. नंतर पॅनेल कितीही चांगलं उभं केलं तरी सीमारेषा हलत नाही.

कोकणात याला आणखी एक पदर आहे. रेषा लोकसंख्येवर आखतात आणि लोकसंख्या घेतात २०११ च्या जनगणनेची. ती गणना फेब्रुवारीत झाली. त्या वेळी चाकरमानी मुंबई-ठाण्यात होते, त्यामुळे त्यांची मोजणीही तिथेच झाली. मतदार यादीत मात्र त्यांच्यातल्या कित्येकांची नावं गावालाच आहेत. म्हणजे रेषा आखताना मोजलेली माणसं वेगळी आणि मतपेटीपाशी येणारी वेगळी. हा फरक ज्याच्या ध्यानात येतो त्याला प्रभागांचा नकाशा वाचता येतो. बाकीच्यांना त्यात फक्त रंगवलेले तुकडे दिसतात.

आधी आकडे जमवा

सदस्यसंख्या लोकसंख्येवर ठरते. १,५०० पर्यंत ७ सदस्य, ३,००० पर्यंत ९, ४,५०० पर्यंत ११, ६,००० पर्यंत १३, ७,५०० पर्यंत १५ आणि त्यापुढे १७. एका प्रभागातून दोन किंवा तीन सदस्य निवडून जातात. सात सदस्यांच्या ग्रामपंचायतीत तीन प्रभाग पडतात: दोन प्रभाग दोन-दोन जागांचे आणि एक तीन जागांचा. नऊ असतील तर तीन-तीनचे तीन प्रभाग. कोकणातल्या लहान गावांना बहुधा यातलाच एखादा प्रकार लागू पडतो.

गावाची २०११ ची लोकसंख्या जिल्हा जनगणना पुस्तिकेत मिळते. तिथे दोन ठिकाणी चूक होते. पहिली, ग्रुप ग्रामपंचायतीत दोन-तीन महसुली गावं असतात आणि माणसं फक्त मुख्य गावाचा आकडा घेतात. सगळ्या गावांची बेरीज करायला हवी. दुसरी, २०११ नंतर ग्रामपंचायतीचं विभाजन झालं असेल तर पुस्तिकेतला आकडा जुन्या हद्दीचा असतो.

गावाच्या एकूण आकड्यापेक्षा महत्त्वाचा असतो तो प्रगणक गटाचा, म्हणजे जनगणनेच्या वेळी एका प्रगणकाला वाटून दिलेल्या घरांच्या गटाचा आकडा. हा पुस्तिकेत नसतो. प्रभाग रचनेच्या प्रस्तावासोबत प्रगणक गटनिहाय लोकसंख्येचा तक्ता असतो. तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत अर्ज देऊन त्याची प्रत मागा. अनुसूचित जाती आणि जमातीची लोकसंख्या वेगळ्या रकान्यात आहे ना, तेही पाहा.

मग वही उघडा

समजा, गावाची लोकसंख्या १,३८० आणि सदस्य ७. एका जागेमागे १,३८० भागिले ७, म्हणजे साधारण १९७ माणसं. दोन जागांच्या प्रभागाला सरासरी ३९४ आणि तीन जागांच्या प्रभागाला ५९१. दहा टक्के कमी-जास्त चालवून घेतात, म्हणून दोनाचा प्रभाग ३५५ ते ४३३ मध्ये बसला पाहिजे आणि तिनाचा ५३३ ते ६५० मध्ये.

आता वाड्या मांडा. पहिला आकडा लोकसंख्येचा, दुसरा मतदारांचा:

गावठाण २६२, ३०१
बाजारवाडी १४८, १३९
मधलीवाडी २३१, २४७
बौद्धवाडी १७२, १६८
सडेवाडी १५५, ९६
खालचीवाडी २०४, १६६
खारवीवाडी २०८, १५२

गावठाणात माणसांपेक्षा मतदार जास्त दिसतात ते चाकरमान्यांमुळे. खारवीवाडीची माणसं बंदरावरच राहतात, म्हणून तिथे पोरंबाळं धरून लोकसंख्या मोठी आणि मतदार त्यामानाने कमी.

पहिली मांडणी अशी. प्रभाग १ मध्ये गावठाण आणि बाजारवाडी, लोकसंख्या ४१०, दोन जागा. प्रभाग २ मध्ये मधलीवाडी, बौद्धवाडी आणि सडेवाडी, ५५८, तीन जागा. प्रभाग ३ मध्ये खालचीवाडी आणि खारवीवाडी, ४१२, दोन जागा. सगळं दहा टक्क्यांच्या आत.

दुसऱ्या मांडणीत फक्त सडेवाडी उचलून प्रभाग १ मध्ये टाकायची. प्रभाग १ होतो ५६५ चा आणि त्याला तीन जागा मिळतात. प्रभाग २ उरतो ४०३ चा, त्याच्या होतात दोन. हीसुद्धा दहा टक्क्यांच्या आत. कागदावर दोन्ही निर्दोष.

निकालावर परिणाम काय होतो ते आता मतदारांच्या आकड्यांनी बघू. प्रभागातली प्रत्येक जागा स्वतंत्र लढवली जाते आणि प्रभागातला प्रत्येक मतदार प्रत्येक जागेसाठी मत देतो. त्यामुळे ज्या वाडीकडे प्रभागातली निम्म्याहून जास्त मतं आहेत ती एकजुटीने उतरली तर सगळ्याच जागा घेऊन जाते. पहिल्या मांडणीत गावठाणाकडे प्रभाग १ च्या ४४० पैकी ३०१ मतं, म्हणजे दोन जागा पक्क्या. प्रभाग २ मध्ये ५११ मतदारांत मधलीवाडी ४८ टक्के, बौद्धवाडी ३३ आणि सडेवाडी १९. इथे कुणालाच स्वतःच्या बळावर बहुमत नाही. सडेवाडीची ९६ मतं ज्याच्या बाजूला जातील तो जिंकणार, त्यामुळे उमेदवार पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, चढून वर येतो, नळपाण्याचं बोलतो.

दुसऱ्या मांडणीत गावठाणाकडे ५३६ पैकी ३०१, म्हणजे ५६ टक्के. गावाच्या एकूण १,२६९ मतदारांत गावठाण २४ टक्के भरतं, पण सातांतल्या तीन जागा त्याच्या हाताशी येतात. मधलीवाडीला ४१५ पैकी २४७ मतांनी निखळ बहुमत मिळतं, पण जागा दोनच. सडेवाडीची मतं तीच ९६, पण आता त्यांच्यावाचून कुणाचं काही अडत नाही.

एक वाडी हलवली आणि तीन वाड्यांचं नशीब बदललं. तुमच्या गावाचे आकडे असेच दोन-तीन प्रकारे मांडून पाहा. तासाभराचं काम आहे.

बौद्धवाडीचं गणित वेगळं मांडावं लागतं. अनुसूचित जातीच्या जागा किती, हे पूर्ण गावाच्या प्रमाणावर ठरतं: १७२ गुणिले ७ भागिले १,३८०, म्हणजे ०.८७, अर्थात एक जागा. ती कुठे जाईल, हे अनुसूचित जातीचं प्रमाण कुठल्या प्रभागात सर्वाधिक आहे यावर. वाडी सलग ठेवली तर प्रभाग २ मध्ये प्रमाण ३१ टक्के होतं, दुसऱ्या मांडणीत ४३ टक्के. वाडी मधून कापून दोन प्रभागांत टाकली तर राखीव जागा एकच राहते, सदस्यही अनुसूचित जातीचाच होतो, पण तो कोण हे ठरवतात बाकीच्या वाड्या. म्हणूनच अशा वस्त्यांचे शक्यतो तुकडे करू नयेत, अशी रचनेच्या सूचनांतच तरतूद असते. हरकतीतला हा सगळ्यात भक्कम मुद्दा.

नकाशा पायी तपासा

सीमा ठरवायचं काम जागेवर तलाठी आणि ग्रामसेवक मिळून करतात. आता त्यांची पदनामं ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी अशी झाली आहेत, गाव अजून जुन्याच नावांनी हाक मारतं. अलीकडे गावाचा नकाशा गुगल अर्थच्या चित्रावर बसवून रेषा आखतात. घाटावरच्या गावठाणात घरं एकमेकांना लागून असतात, तिथे हे ठीक जमतं. कोकणात आंबा-काजूच्या झाडोऱ्याखाली कौलं दिसतच नाहीत, आणि सपाट चित्रात सड्यावरची, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावरची, वाडी आणि तिच्या पायथ्याची वाडी शेजारी-शेजारी वाटतात. मधे दोनशे पायऱ्यांची पाखाडी असते.

प्रारूपात प्रत्येक प्रभागाच्या उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशा चारी सीमा शब्दांत लिहिलेल्या असतात. तो कागद हातात घ्या आणि रेषेवरून चाला. सीमा नदी, व्हाळ (ओढा), रस्ता, पाखाडी अशा ठळक खुणांवरून जायला हवी. ‘अमुक यांच्या बागेचा गडगा’ अशी सीमा लिहिलेली असेल तर लगेच खूण करून ठेवा. गडगा, म्हणजे दगडी कुंपण, ढासळतो, बाग विकली जाते, आणि पाच वर्षांनी ती सीमा कुणालाच दाखवता येत नाही. ‘पायवाट’ एवढंच लिहिलं असेल तरी तेच. कुठली, कुठून कुठे, हे हवं.

चालताना चार गोष्टी पाहा. रेषेने एखादं घर किंवा एकाच अंगणातली दोन घरं तोडली आहेत का? प्रभाग सलग आहे का, की एका तुकड्यातून दुसऱ्या तुकड्यात जायला तिसऱ्या प्रभागातून जावं लागतं? पावसाळ्यात काय होतं? साकव (लहान पूल) नसलेला व्हाळ जूनपासून चार महिने ओलांडता येत नाही, मग त्याच्या दोन्ही काठांना एक प्रभाग कशासाठी? आणि एखादी वाडी कागदावरून सुटलीच आहे का? ही शेवटची चूक वाटते त्यापेक्षा जास्त वेळा होते. २०११ नंतर सड्यावर किंवा रस्त्याकडेला उभी राहिलेली घरं कुठल्याच प्रगणक गटात नसतात.

नावांचा घोळ वेगळाच. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानुसार जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायची आहेत. काही ग्रामपंचायतींनी ठराव करून नवी नावं दिली, पण मतदार यादीत आणि जनगणनेच्या कागदांत जुनीच राहिली. मग सीमेच्या वर्णनात एक नाव, लोकसंख्येच्या तक्त्यात दुसरं. हरकतीत दोन्ही नावं लिहा, नाहीतर सुनावणीत निम्मा वेळ वाडी कुठली हे समजावण्यातच जातो.

हरकत कशी लिहावी

हरकत तहसील कार्यालयात मुदतीच्या आत लेखी द्यायची. सुनावणी उपविभागीय अधिकारी, म्हणजे आपले प्रांत, घेतात. अंतिम मान्यता जिल्हाधिकाऱ्यांची. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका. पोच नसलेली हरकत म्हणजे न दिलेली हरकत.

एका पानात बसवा. नमुना असा:

‘प्रारूप प्रभाग क्र. १ मध्ये सडेवाडीचा (लोकसंख्या १५५) समावेश केला आहे. सडेवाडी आणि गावठाण यांच्यामध्ये मोठा व्हाळ असून त्यावर साकव नाही. सडेवाडीचा वर्षभर चालू असणारा रस्ता मधलीवाडीतून जातो. सबब भौगोलिक सलगतेचा निकष पाळला गेलेला नाही. सडेवाडी प्रभाग क्र. २ मध्ये घेतल्यास प्रभाग १ ची लोकसंख्या ४१० (२ जागा), प्रभाग २ ची ५५८ (३ जागा) व प्रभाग ३ ची ४१२ (२ जागा) होते. तिन्ही विहित मर्यादेत आहेत. सोबत स्थळाचा नकाशा व छायाचित्रे जोडली आहेत.’

यात चूक सांगितली, निकष सांगितला आणि पर्याय आकड्यांसह दिला. पर्याय न देणाऱ्या हरकती पटापट फेटाळल्या जातात, कारण एक वाडी हलवली की बाकीच्या प्रभागांचं काय, हे अधिकाऱ्याला स्वतः बसून सोडवावं लागतं. तेवढा वेळ त्याच्याकडे नसतो.

काय चालत नाही, तेही माहीत असावं. ‘आमच्या वाडीवर अन्याय झाला’ हे वाक्य आणि खाली दीडशे सह्या, याचा उपयोग शून्य. सह्या मोजत नाहीत, मुद्दा बघतात. २०११ ची लोकसंख्या जुनी झाली, ही तक्रार खरी असली तरी प्रांतांच्या अधिकारातली नाही. मतदार जास्त आहेत हा मुद्दाही चालत नाही. वरच्या उदाहरणातला मतांचा हिशेब आपल्या समजुतीसाठी आहे, हरकतीत त्याचा एक शब्दही नको. तिथे व्हाळ, रस्ता, सलगता, लोकसंख्या, न तोडलेली वस्ती, एवढ्यावरच बोलायचं. आरक्षणाची तक्रारही इथे आणू नका. त्याची सोडत विशेष ग्रामसभेत निघते आणि त्यावर वेगळी हरकत घेता येते. त्या ग्रामसभेला मात्र जा. निम्म्या जागा महिलांच्या असतात, नागरिकांच्या मागास प्रवर्गाच्या जागा २७ टक्क्यांपर्यंत, आणि कुठल्या प्रभागात काय पडलं हे तिथेच समोर दिसतं.

सुनावणीला दोन माणसं पुरतात: एक बोलणारा, एक जागा माहीत असलेला. टेम्पो भरून नेऊ नये.

अंतिम रचना प्रसिद्ध झाली की दार जवळपास बंद. संविधानाच्या अनुच्छेद २४३-ओ नुसार पंचायतींच्या मतदारसंघांच्या आखणीबाबतच्या कायद्याची वैधता न्यायालयात प्रश्नांकित करता येत नाही. उच्च न्यायालयात जाणारे जातात, पण निवडणूक जाहीर झाल्यावर तिथे हाताला फारसं काही लागत नाही.

सरपंचाचं काय?

सरपंच थेट निवडला जातो आणि त्याला सगळं गाव मत देतं. त्यामुळे प्रभागांच्या रेषा कशाही वळल्या तरी त्याच्या मतांत फरक पडत नाही. फरक पडतो तो नंतर, बैठकीत. सरपंच एका पॅनेलचा आणि सातांतले पाच दुसऱ्या पॅनेलचे, असं झालं की ठराव अडतात. सरपंचपद जिंकायची खात्री असलेली मंडळी प्रभाग रचनेकडे काणाडोळा करतात आणि पाच वर्षं पस्तावतात.

उमेदवारालाही एक मोकळीक आहे. गावच्या मतदार यादीत नाव आणि वय किमान २१ असेल तर गावातल्या कुठल्याही प्रभागातून उभं राहता येतं. आपली वाडी दुसरीकडे गेली म्हणून घरी बसायचं कारण नाही.

वरच्या पातळीवर

जिल्हा परिषदेच्या मतदारसंघाला गट म्हणतात, पंचायत समितीच्या मतदारसंघाला गण. एका गटात दोन गण. कायद्याने जिल्हा परिषदेत किमान ५० आणि कमाल ७५ सदस्य. २०११ ला ८,४९,६५१ लोकसंख्या असलेल्या सिंधुदुर्गाला किमान संख्या, म्हणजे ५०, मिळते. इथे तुकडा वाडीचा नसतो, ग्रामपंचायत अख्खी इकडे किंवा तिकडे जाते. २०२५ च्या रचनेत हरकतींवर निर्णय विभागीय आयुक्तांनी दिले. तपासायची रीत तीच, फक्त व्हाळाच्या जागी खाडी येते. पूल नसलेल्या खाडीचे दोन काठ एका गटात असतील तर तो मुद्दा मांडण्यासारखा.

विधानसभेचा धडा कोकणाने २००८ मध्ये घेतला. २००१ च्या जनगणनेवर आखणी झाली, रत्नागिरी जिल्ह्याच्या सात जागांच्या पाच झाल्या, खेड आणि संगमेश्वर मतदारसंघ पुसले गेले. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या १३ च्या २४ झाल्या. कोकणची माणसं जिथे राहायला गेली, जागाही तिथेच गेल्या. नाथ पै आणि मधू दंडवते यांचा राजापूर लोकसभा मतदारसंघही नकाशावरून गेला आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग आला. खेड गेल्यावर तिथले शिवसेनेचे रामदास कदम २००९ ला युतीकडून गुहागरात उतरले. ती जागा परंपरेने भाजपची, त्यामुळे भाजपच्या विनय नातूंनी बंडखोरी केली आणि निवडून आले राष्ट्रवादीचे भास्कर जाधव. एक मतदारसंघ पुसला की शेजारच्या मतदारसंघातली घडी कशी विस्कटते, याचं याहून स्वच्छ उदाहरण कोकणात नाही. पुढे रत्नागिरीची लोकसंख्या २००१ च्या १६,९६,७७७ वरून २०११ ला १६,१५,०६९ वर आली, म्हणजे घटलीच.

शेवटची चाळणी: प्रभागाची मतदार यादी

रचना बरोबर झाली तरी इथे गाडी अडते. ग्रामपंचायतीसाठी वेगळी मतदार यादी बनत नाही. राज्य निवडणूक आयोग एक तारीख ठरवतो आणि त्या दिवशीची विधानसभेची यादी प्रभागांत फोडतात. ज्याचं नाव त्या तारखेला विधानसभेच्या यादीत नाही, त्याला ग्रामपंचायतीच्या वेळी धावपळ करून काही मिळत नाही. नवीन नावासाठी नमुना ६ आणि पत्ता बदलणं किंवा दुरुस्तीसाठी नमुना ८, हे काम वर्षभर आधी करायचं असतं.

ही फोड होते ती अनुभागावर, म्हणजे यादीतल्या पोटविभागावर. विधानसभेच्या यादीच्या भागात एकेका वाडीचा अनुभाग असतो आणि बहुधा अख्खा अनुभाग एका प्रभागात ढकलला जातो. पूर्वी गावठाणात राहणारं आणि आता सड्यावर घर बांधलेलं कुटुंब अजून गावठाणाच्या अनुभागात असतं, म्हणून ते चुकीच्या प्रभागात जातं. लग्न होऊन खालच्या वाडीतून वरच्या वाडीत आलेल्या सुनेचं नावही असंच माहेरच्या प्रभागात राहतं. दोन-तीन अनुभाग आपसांत बदलले गेले तर शे-दीडशे मतं एका झटक्यात पलीकडे जातात, आणि वरच्या उदाहरणात सडेवाडीची मतं ९६ च होती हे आठवा.

प्रारूप यादी लागली की वाडीनिहाय एकेक माणूस बसवा. त्याने घरक्रमाने नावं वाचायची आणि तीन प्रकारच्या चुका वेगळ्या लिहायच्या: चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव, विधानसभेच्या यादीत असून इथे गळालेलं नाव, आणि लेखनातली चूक. या तिन्हींवर हरकत चालते. मयत किंवा कायमचं बाहेर गेलेलं नाव इथे कापता येत नाही, त्यासाठी नमुना ७ चा वेगळा रस्ता आहे. हरकतीत भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि ओळखपत्राचा क्रमांक तिन्ही द्या. नुसतं नाव दिलं तर एकाच गावात त्याच नावाचे चार जण निघतात.

प्रभाग बदलला की मतदान केंद्रही बदलू शकतं. अंतिम यादी आल्यावर प्रत्येक घराचा प्रभाग, केंद्र आणि अनुक्रमांक लिहिलेली चिठ्ठी करून मुंबईच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आठवडाभर आधी टाका. रात्रभर गाडीत बसून आलेला माणूस सवयीने जुन्या शाळेत जातो, रांगेत तासभर उभा राहतो आणि आत गेल्यावर कळतं की त्याचं नाव खाडीपलीकडच्या अंगणवाडीत आहे.